रफूताईंचा उजवा हात

पूल उतरून झाल्यावर धाकटीच्या लक्षात आलं, की घरातून निघाल्यापासून आपण एकटीच बोलतोय. वकीलबाई काय म्हणाल्या, विमा कंपनीची माणसं काय विचारतील, उत्तर कसं द्यायचं, सगळं तिचं दोन-दोनदा सांगून झालं होतं. रफूताई शेजारून चालत होत्या. उजवा हात पट्ट्यात, छातीशी धरलेला. डावा रस्त्याच्या बाजूला जरा पुढे, कोणी अंगावर आलंच तर थोपवायला असावा तसा.

चौक आला. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला, लोक निघाले. रफूताई उभ्याच. शेवटची गाडी पुरती थांबली, चालवणाऱ्याचं तोंड त्यांना दिसलं, तेव्हा कुठे त्यांनी पाऊल उचललं. अर्ध्यात पोचेपर्यंत दिवा लाल.

"ताई, अशाने आपण उद्या पोचू."

"उद्याही हात हाच असणार आहे. चल सावकाश."

अपघात झाल्यापासून रफूताई गाडीत बसत नव्हत्या. बसमध्येही नाही, आणि नवरा जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला. म्हणून दोघी जावा शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पायी निघाल्या होत्या. तिकडे एका कचेरीत त्यांच्या वकीलबाई, विमा कंपनीचे वकील आणि मध्यस्थ म्हणून नेमलेले एक निवृत्त न्यायाधीश एका टेबलाशी बसणार होते. हात खरोखर किती दुखावलाय हे तिथे पटलं, तर भरपाई मिळणार होती. मग शस्त्रक्रिया, पुढचे कित्येक महिने व्यायाम, आणि तोवर दुकानाला कुलूप लावण्याची सोय. नाही पटलं, तर रफूताईंच्या अंगठ्याला पहिलं बोट पुन्हा टेकणार नव्हतं. सुई धरायला चिमूट लागते. चिमूट गेली म्हणजे रफू गेली, आणि रफूशिवाय त्या बाईला दुसरं काही येत नव्हतं. म्हणजे स्वयंपाक यायचा, पण त्याबद्दल घरातलं कोणी फारसं बोलत नसे.

त्यांचं दुकान म्हणजे लाँड्रीच्या शेजारची एक चिंचोळी खोली. खिडकीशी टेबल, वर मान वाकवलेला दिवा, आणि दोन बाजूंच्या भिंतींवर खुंट्याच खुंट्या. कोणाची शाल कसरीने खाल्लेली, कोणाच्या पँटीला सिगारेटचं भोक, कोणाच्या लग्नातल्या साडीचा काठ खिळ्यात अडकून उसवलेला. रफूताई त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढायच्या आणि भोकावर उभे-आडवे असे विणत न्यायच्या, की नवीन कुठे संपलं आणि जुनं कुठे सुरू झालं, हे गिऱ्हाइकाला बोटाने चाचपूनही कळू नये. ही विद्या त्यांना मावशीने दिली. तिने विद्येबरोबर एक नियमही दिला होता, की गिऱ्हाईक आलं तर फाटलं कसं हे विचारायचं नाही. नवऱ्याने ओढलं असेल, दारूत पडला असेल, चोरून नेसली असेल. आपण भोक बघायचं, माणूस बघायचं नाही. "काम झालं की फाटलंच नव्हतं असं समजायचं," मावशी म्हणायची. रफूताईंनी हा नियम इतका पाळला, की हळूहळू तो त्यांच्या बोलण्यातही शिरला. कोणी विचारलं कशा आहात, की "देवाची कृपा" इतकंच. ताप असो, दाढ ठणकत असो, देवाची कृपा. धाकटी औषधाच्या दुकानात काउंटरवर बसायची, त्यामुळे ती स्वतःला अर्धी डॉक्टर समजायची. ती चिडून म्हणायची, "ताई, देवाची कृपा आहेच, पण तापाची गोळी पण आहे."

अपघात झाला तो दिवसाढवळ्या, दुकानाजवळच्याच चौकात. रफूताई रस्ता ओलांडत होत्या. वळणाऱ्या गाडीने त्यांना पाहिलं नाही. धक्का फार मोठा नव्हता, पण त्या उजव्या हातावर पडल्या आणि कोटाची बाही खरखरीत रस्त्यावरून घासत गेली. गाडीतून एक तरुण मुलगी उतरली. रडता रडता तिने आपला नंबर दिला, विम्याचे कागद दाखवले, चूक माझीच आहे म्हणाली. कोपऱ्यावरच्या चावीवाल्याने तेवढ्यात पोलिसांना फोन लावला, म्हणून पुढे निदान नोंद तरी सापडली. रफूताईंनी काय केलं? रस्त्यावर बसल्या बसल्या त्या मुलीच्या पाठीवरून डावा हात फिरवला. "काही झालं नाही गं. घरी जाऊन पाणी पी."

"तिला पाणी पाजलंत, आणि तुम्हाला कोणी पाजलं?" धाकटीने नंतर विचारलं.

"मला तहान नव्हती."

मुलगी मात्र प्रामाणिक निघाली. आपल्या विमा कंपनीलाही तिने तेच कळवलं, की चूक माझी. तेव्हा चूक कोणाची हा वाद कधी झालाच नाही. जो झाला तो हाताचा.

आणि त्या वादाला खतपाणी रफूताईंनीच घातलं. मनगट सुजलं होतं, त्याला त्यांनी घरीच हळद लावून फडकं गुंडाळलं. दुखणं अंगावर काढायची सवय अशी, की दवाखान्याचं नाव काढलं की त्यांना दुकानातली कामं आठवायची. पण दुकानातलं काम बाजूला ठेवून त्यांनी आधी हातात घेतला तो स्वतःचा कोट. बाहीवरचे रक्ताचे डाग धुतले, आणि सुजलेल्या हाताने ती फाटकी बाही रफू केली. कोट पुन्हा खुंटीवर लागला. पाहणाऱ्याला वाटावं, या कोटाला कधी वारासुद्धा लागला नसेल.

त्यानंतर विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला. धाकटीने पुढे त्याला नाव ठेवलं गोडबोल्या. बोलणं नोंदवून घेतोय, हे त्याने आधीच सांगितलं. लपवाछपवी त्याने काही केली नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. "आता कसं वाटतंय, आई?" त्याने विचारलं. "बरी आहे हो, देवाची कृपा," रफूताई म्हणाल्या. कपड्यांचं काही नुकसान? "कोट फाटला होता, पण मी रफू केला. आता शोधूनसुद्धा सापडायचं नाही." आणि हे सांगताना आवाजात थोडा अभिमानही होता.

पुढच्या आठवड्यात गोडबोल्या घरी आला. एक लहानशी रक्कम ताबडतोब, आणि बदल्यात एक सही, की यापुढे या अपघाताबद्दल माझं काही मागणं नाही. मोठ्या भाऊजींना, म्हणजे रफूताईंच्या नवऱ्याला, ते पसंत होतं. "सुंठीवाचून खोकला जातोय, जाऊ दे. मी पण जन्मभर गाडी चालवली. कोणी मुद्दाम ठोकत नाही."

रफूताईंनी पेन घेतलं. पेन हातातून पडलं. पुन्हा घेतलं, पुन्हा पडलं. अंगठा आणि बोट जवळ यायची, टेकायची नाहीत. गोडबोल्याने पेन उचलून दिलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "राहू द्या आई. डाव्या हाताचा अंगठा उठवलात तरी चालेल."

त्याच वेळी धाकटी दारात उभी होती. जावेच्या घरची विजेची बिलं द्यायला आली होती, ती बिलं तिच्या हातातच राहिली.

"भाऊ, ज्या बाईला पेन धरता येत नाही तिच्याकडून हात बरा आहे असं लिहून घेताय?"

"तसं नाही ताई, ही सवलत आजच्यापुरतीच आहे."

"का, सेल लागलाय?"

भाऊजींना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यावर घेतलं. कागद टेबलावर राहिला, गोडबोल्या गेला. धाकटीने जावेचा हात हातात घेतला आणि चिमूट करून दाखवा म्हणाली. रफूताईंनी नजर खिडकीकडे वळवली. "होईल हळूहळू."

दुसऱ्या दिवशी धाकटीने त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. हाताच्या डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढले. बोट वळवणारी दोरीसारखी शीर पडताना अर्धी तुटली होती आणि त्यानंतरच्या दिवसांत उरलेली तुटली होती. वेळेवर शस्त्रक्रिया केली आणि व्यायाम नेटाने केले, तर सुई पुन्हा धरता येईल, असं ते म्हणाले. "येईल" हा शब्द धाकटीने पदराला गाठ मारल्यासारखा घरी नेला.

वकीलबाई धाकटीच्या दुकानातल्या गिऱ्हाईक, डोकेदुखीच्या गोळ्या नेणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी मनाई सांगितली. कंपनीच्या फोनवर आता एक शब्द बोलायचा नाही, माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय कशावर सही नाही, डॉक्टरांची एकही तारीख चुकवायची नाही. मग म्हणाल्या, "आणि त्या दिवशीचे कपडे आणा. धुवायचे नाहीत, आहेत तसेच."

रफूताईंनी पिशवीतून कोट काढून टेबलावर पसरला. वकीलबाईंनी तो उलटा केला, सुलटा केला, दिव्याखाली धरला.

"फाटला कुठे होता?"

"दिसत नाही ना?" रफूताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कामाचं कौतुक झाल्याचं समाधान होतं.

वकीलबाई आधी हसल्या, मग त्यांनी डोक्याला हात लावला. समोर कंपनीचं नवीन पत्रही होतं. ज्या बाई अपघातानंतर इतकं नाजूक काम करू शकल्या, त्यांच्या हाताला गंभीर इजा झाली हे कसं मानायचं, असं त्यात विचारलं होतं. फोनवरचं बोलणं शब्दन् शब्द पुढे टाकलं होतं.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," सोबत आलेले भाऊजी पुटपुटले.

"मग तुम्ही खाली थांबा. यांना वर येऊ द्या," वकीलबाई म्हणाल्या. आणि रफूताईंकडे वळून, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण या कामात नाही. इथे उघडावी लागते."

"मूठ मिटतच नाही हो आता," रफूताई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच स्वतःच्या हाताबद्दल त्या थट्टेने का होईना, बोलल्या.

त्या दिवसापासून धाकटीने सगळं हातात घेतलं. तारखा तिच्या, रिक्षाऐवजी पायी जायचा रस्ता तिचा, आणि डॉक्टरांशी बोलणंही तिचंच. डॉक्टर विचारायचे, "दुखतं का?" रफूताई तोंड उघडायच्या आत धाकटी सुरू. "अहो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कपसुद्धा उचलता येत नाही." डॉक्टर लिहून घ्यायचे. त्याच आठवड्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना रफूताईंनी एकट्याने सांगितलं होतं, "माझं सगळं चालतं, काही अडत नाही." त्यांनीही लिहून घेतलं. दोन्ही कागद कंपनीकडे गेले, आणि कंपनीने ते शेजारी शेजारी ठेवले.

वकीलबाईंनी दोघी जावांना समोर बसवलं. "तुम्ही वाढवून सांगता," त्या धाकटीला म्हणाल्या. "आणि या कमी करून सांगतात. समोरच्याला वाटतं, दोघीही खोट्या. मला सरासरी काढून देता येत नाही." मग आवाज खाली आणून रफूताईंना म्हणाल्या, "तुम्ही माझ्याशीसुद्धा रफू करून बोलता. भोक दाखवा ना मला. न्यायाधीशांना तेच बघायचंय."

रफूताई पट्टा सारखा करत उठल्या. धाकटी मात्र त्या दिवशी घरी जाऊन देवासमोर बसली. तिला मागायला येत नसे, नुसती बसायची. आपण एवढं बोललो ते ताईंसाठी की स्वतःच्या रागासाठी, हे तिला तिथे बसल्यावर थोडं कळलं. पण कळलं म्हणून तोंड लगेच बंद होतं असं नाही.

आताही झालंच नव्हतं. पूल ओलांडला, बाजार ओलांडला, शाळेची लांबलचक भिंत मागे पडली, तरी ती बोलतच होती. "आणि कोटाचं विचारलं, तर सांगा की ते काम काही मोठं नव्हतं. दोन टाके घातले म्हणा."

रफूताई थांबल्या. समोर बागेच्या कुंपणाशी एक बाक होता. त्या त्यावर बसल्या.

"दोन टाके नव्हते ते," त्या म्हणाल्या.

धाकटी शेजारी बसली.

"कोट खुंटीवर दिसला की मला तो चौक दिसायचा. डोळे मिटले तरी. वाटलं, बाही नीट झाली की झालंच नाही असं होईल. आजवर दुसऱ्यांचं तसंच होत आलंय ना माझ्या हातून. बसले मी. पहिल्या दिवशी सुई धरता यायची, पण प्रत्येक टाक्याला मनगटात चमक यायची ती खांद्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी बोटं जड झाली. मग सुई डाव्या हाताने खुपसायची आणि दातांनी ओढायची. तुझे भाऊजी घरात असले की कोट दिवाणाखाली सारायचा. शेवटी थोडीच राहिली होती, तेव्हा आत काहीतरी तटकन सुटलं. आवाज आला गं. कापडाचा नाही, माझा. त्यानंतर बोट वळेना. तरी राहिलेलं मी पुरं केलं."

एक कुत्रा त्यांच्या पायाशी येऊन हुंगून गेला. रफूताईंनी पट्ट्यातून हात काढून मांडीवर ठेवला. अंगठ्याखालचा भाग बारीक झाला होता, कातडी सैल पडली होती. धाकटी रोज तो हात पाहायची, आज तिला तो पहिल्यांदा दिसला.

"सकाळी सगळ्यात वाईट," रफूताई सांगत राहिल्या. कमी नाही, जास्त नाही, सुताचा भाव सांगावा तशा. "बटणं लावता येत नाहीत. म्हणून मी हल्ली सुटं सुटं घालते, तुम्हाला वाटतं उकडतंय. कप उचलता येतो, पण भरलेला नाही. अर्धा. केस तुझ्या भाऊजींकडून विंचरून घेते. बस चालवल्यासारखे विंचरतात, वळणावर हॉर्न तेवढा वाजवत नाहीत. आणि झोप लागते मला, तू डॉक्टरांना खोटं सांगितलंस. पण उजव्या कुशीवर वळले की जाग येते."

"हे मला कधीच सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस? तू सांगायचीस, मी कशी आहे ते."

धाकटीला हे लागलं. पण लागावं असंच ते होतं. मग म्हणाली, "कोटाचं आत असंच सांगाल?"

"असंच. ती चूक माझी आहे, तर माझ्याच तोंडून जाऊ दे. हात जास्त मोडला तो मीच, पण आधी मोडला तो गाडीने. दोन्ही खरं आहे. वकीलबाईंना मी फोनवर सांगितलंय हे. त्या म्हणाल्या, दोन्ही सांगितलंत तर डॉक्टरांच्या कागदाशी ते बरोबर जुळतं. अर्धी शीर तेव्हा, अर्धी नंतर." त्या किंचित हसल्या. "कोटात आत दुमडीला धागे कमी आहेत, तिथे बघा म्हणावं. कुठून काढले ते दाखवीन. पहिल्यांदाच कोणाला दाखवणार आहे."

धाकटीचे डोळे भरले. तिने पदर तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. ती बाकावर बसून हमसून हमसून रडायला लागली. रफूताईंचा डावा हात लगेच तिच्या पाठीवर गेला. "अगं, काही नाही झालं. इतकं काही दुखत नाही," असं त्या म्हणून गेल्या, आणि तिथेच थबकल्या. हात काढून घेतला. 

मग उठल्या. हात पट्ट्यात घातला. बागेच्या पलीकडे कचेरीची इमारत दिसत होती, काचेच्या दारात वकीलबाई घड्याळाकडे पाहत उभ्या होत्या. मध्ये एकच रस्ता होता. गाड्या जात होत्या, दोघी दिव्याखाली उभ्या राहिल्या.

"धाकटे, एक काम करशील माझं?"

"सांगा ना ताई."

"आत माझ्या शेजारी बस. पण मी बोलायला लागले की रडू नकोस. तू रडलीस तर मी तुला समजावत बसेन, आणि माझं सांगायचं राहून जाईल."